सतराव्या नोंदीचं वर्णन

४ मार्च

प्रिय काकू,

नमस्कार, आणि लांबूनच एक घट्ट मिठी. तुझ्या गुडघ्याची चौकशी पुढच्या पानावर करते, आधी बातमी ऐक. काकांचा लेख माझ्या टेबलावर आला आहे!

मी मागून घेतलेला नाही हं. सोमवारी सकाळी आमच्या संपादकबाईंनी नेहमीसारखे लेख वाटले, माझ्या वाट्याला तीन आले. तिसऱ्यावर काकांचं नाव. खुर्चीतच बसून होते तरी पुन्हा बसल्यासारखं झालं. पानभर मजकूर वाचेपर्यंत डोळे इतके भरले की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न विचारता रुमाल पुढे केला.

तू नेहमी विचारतेस की मी ऑफिसात नेमकं करते काय. तर शास्त्रीय लेख आला की मी त्याला खुणा घालते. हा मथळा, हे लेखकाचं नाव, हा संदर्भ, ही आकृती, असं प्रत्येक तुकड्याला यंत्राला कळेल असं सांगावं लागतं. लेखासोबत फाइली असल्या तर प्रत्येकीपुढे दोन शब्द लिहायचे. पहिला म्हणजे तिचं घराणं: मजकूर, चित्र, आवाज की चलचित्र. दुसरा म्हणजे त्या घराण्यातली नेमकी कोण. तेवढं लिहिलं की जगात कुठेही, वीस वर्षांनीसुद्धा, वाचणाऱ्याच्या संगणकाला कळतं की ही फाइल दाखवायची, वाचायची की वाजवायची.

आता अडचण सांगते. लेखात काकांनी म्हटलंय की मधमाश्यांचा थवा पोळं सोडून जाण्याच्या दहा दिवस आधीपासून मधपेटीचा सूर बदलतो, आणि पुरावा म्हणून तेवीस ध्वनिमुद्रणं जोडली आहेत. पण आमच्याकडे एकही ध्वनिमुद्रण आलेलं नाही. आल्यात चार आकृत्या, त्या छान उघडतात. शिवाय आणखी तेवीस फाइली, त्याही चित्रांच्या, ‘टिफ’ नावाच्या. आमच्या यंत्राने आपणहून त्यांच्यापुढे ‘चित्र’ असं लिहूनही टाकलं. पण त्यातली एकही उघडत नाही.

तुझ्याकडे मूळ आवाज असतील ना? काकांचा तो छोटा रेकॉर्डर, एखादी डिस्क, काहीही? अंक १० एप्रिलला बंद होतो. आवाज नसतील तर लेखाचा कणाच मोडतो, आणि दुरुस्ती करून द्यायला काका नाहीत. मग बाई लेख परत करतील.

लवकर लिही. गुडघा कसा आहे?

तुझी चिटकी


१० मार्च

चि. चिटके,

पत्र मिळालं. फोन करायचा मोह टाळलास हे बरं केलंस. परवा शेजारणीने फोन लावून माझ्या कानाला धरला, मी दहा मिनिटं ‘हो, हो’ करत बसले, आणि नंतर कळलं की मी कुठल्याशा विमेवाल्याला भेटायला बोलावलंय. आता तो आला की त्याला तिसऱ्या पेटीजवळ बसवणार आहे.

गुडघा आहे तिथेच आहे.

यांचा लेख तुझ्या हातात आला हे वाचून फार बरं वाटलं. लहानपणी त्यांच्या कोटाला चिकटून माश्यांपाशी यायचीस, म्हणून तर तुला हे नाव पडलं. चिकटून राहिल्याचा आज उपयोग झाला बघ.

माश्या बऱ्या आहेत. कान गेले तरी माझं काही अडत नाही. पेटीच्या बाजूला तळहात टेकवला की आत काय चाललंय ते हाताला कळतं. खूश असल्या की एकसारखी थरथर लागते, राणी हरवली असली की तुटक. यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, ‘माझी चाळीस वर्षं यंत्रात गेली आणि तू हात टेकवून मोकळी झालीस.’ मग हसले होते, बराच वेळ.

शेवटच्या काही वर्षांत त्यांची तब्येत ढासळलीच होती म्हणा. एक विचित्र सवय लागली होती त्यांना. काही बोलायचं असलं की हातातलं काम टाकून, वळसा घालून, माझ्या अगदी समोर येऊन उभं राहायचं आणि मग बोलायचं. साधं ‘मीठ दे’ म्हणायलासुद्धा. मी मेली सारखी ओरडायची, ‘उजेड अडवू नका, सरका बाजूला.’ मला वाटलं, नजर अधू झाली, माणूस नीट दिसत नाही म्हणून जवळ येतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मुकाट्याने आले, चष्मा करून आणला, आणि तरीही समोर येऊन उभे राहायचे ते राहायचेच.

तू विचारलेल्या फाइलींचं म्हणशील तर मला त्यातलं काही कळत नाही. रेकॉर्डर मी यांच्या कॉलेजला देऊन टाकला, आत काही नव्हतं. जे होतं ते सगळं संगणकात, आणि संगणकावर मी चादर घालून ठेवली आहे. मी त्या यंत्राला हात लावत नाही. लेख जसा होता तसा गेला असणार. तुमच्याच यंत्रात काही बिघाड असेल, एकदा झटकून बघा.

मधाची बाटली पाठवते आहे. डब्यात ठेवू नकोस, काचेतच राहू दे.

काकूचे पोटभर आशीर्वाद


१७ मार्च

प्रिय काकू,

मध पोचला. ऑफिसात कोणाला कळू दिलं नाही, कळलं असतं तर बाटली दुपारपर्यंत टिकली नसती.

यंत्र झटकून पाहिलं. दोनदा. शेवटी त्या तेवीस फाइलींपुढचं ‘चित्र’ मी खोडलं. अशा वेळी लिहायला आमच्याकडे एक खास शब्दजोडी आहे. तिचा अर्थ एवढाच की ही नुसती अंकांची रांग आहे, आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही. मला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, अंदाजाने घराणं लिहू नये, माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहावं. काकांच्या नावाखाली तेवीस वेळा ‘माहीत नाही’ लिहिलं.

संपादकबाई वाईट नाहीत गं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे लेख मागे घ्यायचा. दुसरी, दोन पानांचं छोटं टिपण म्हणून छापायचा आणि खाली तळटीप द्यायची, ‘लेखकाने पाठवलेल्या ध्वनिफाइली वापरण्याजोग्या स्थितीत नव्हत्या.’

काकू, रागावू नकोस, पण मला काय वाटतं ते लिहिते. ते शेवटी शेवटी किती औषधांवर होते ते मला माहीत आहे. तू लिहिलंस तसं, समोर येऊन उभं राहणं, नजर, गोंधळ. त्यांच्या हातून भलत्याच फाइली जोडल्या गेल्या असतील. यात त्यांना कोणी काही म्हणणार नाही. तळटीप छापण्यापेक्षा आपण लेख गुपचूप मागे घेऊ. लोकांच्या आठवणीत काका जसे होते तसेच राहतील, हुशार आणि टापटीप.

तुझं उत्तर आल्याशिवाय मी काही करत नाही.

तुझी चिटकी


२१ मार्च

चिटके,

खबरदार लेख मागे घेतलास तर.

त्यांच्या हातून काहीही भलतं झालेलं नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा त्यांनी दवाखान्याच्या माणसाची गोळ्यांची यादी दुरुस्त करून दिली होती. त्यांना गोंधळलेलं म्हणू नकोस. तुला सांगायचं नव्हतं, पण त्यांच्या नावावर जात असेल तर सांगते. ते माझं काम आहे.

लेख त्यांनी पुरा केला होता, पाठवायचा तेवढा राहिला होता. ते गेल्यावर अकराव्या दिवशी मी संगणक उघडला. तुझी काकू बत्तीस वर्षं टायपिस्ट होती हे विसरू नकोस. तुमच्या मासिकाच्या सूचना छापून शेजारी ठेवल्या आणि एकेक ओळ पट्टी लावून वाचली. त्यात होतं, सोबतचं सर्व साहित्य टिफमध्येच पाठवावं, अन्यथा लेख परत केला जाईल. पुढे आकृत्यांबद्दल काहीतरी होतं, ते मी नीट वाचलं नाही. माझे डोळे ‘परत केला जाईल’ वरच अडकले. चिटके, त्या दिवसांत कोणतीही गोष्ट यांच्याकडे परत आली असती तर मी कोणाला दिली असती?

चार आकृत्यांच्या नावापुढे टिफ होतंच. आवाजांच्या फाइलींपुढे दुसरं काहीतरी होतं. मी ते खोडून टिफ टाइप केलं. संगणकाने विचारलं, नक्की बदलायचं का, फाइल निकामी होऊ शकते. मी हो म्हटलं. असं त्याने तेवीस वेळा विचारलं आणि तेवीस वेळा मी हो म्हटलं. मग एक उघडून पाहिली, उघडेना. दुसरी उघडेना. मी लेख पाठवून दिला, संगणकावर चादर घातली आणि आजपर्यंत काढलेली नाही. म्हणजे ‘हात लावत नाही’ हे तुला खरंच लिहिलं होतं, फक्त आधीचं लिहिलं नव्हतं.

चाळीस वर्षांचं त्यांचं काम आणि ते मी एका दुपारी माझ्या हाताने मारलं. दोन महिने हेच घेऊन उठते आणि हेच घेऊन झोपते. ती तळटीप छापायचीच असेल तर त्यात ‘लेखकाने’ लिहू नका. ‘लेखकाच्या बायकोने’ लिहा.

काकू


२७ मार्च

काकू, काकू, काकू!

आधी शेवटचं सांगते, मग पहिलं. सगळे आवाज जिवंत आहेत. तेवीसच्या तेवीस. तू काहीही मारलेलं नाहीस.

अगं, फाइलीचं नाव म्हणजे तुझ्या मधाच्या बाटलीवरचा कागद. कागदावर लोणचं लिहिलंस म्हणून आतल्या मधाला काय होणार? जो उघडायला जाईल तो तेवढा चमचा घेऊन लोणचं शोधत बसेल. आमचं यंत्र तेच करत होतं. आणि मीही. तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून ऑफिसात गेले. फाइल चित्र म्हणून न उघडता नुसत्या अक्षरांत उघडली. प्रत्येक फाइलीच्या अगदी सुरुवातीला ती आपलं घराणं स्वतःच सांगत असते, वरचं नाव काहीही असो. पहिली आठ अक्षरं सोडली आणि पुढे इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘वेव्ह’. आवाज.

हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. नावावर विसंबले. त्याहून वाईट म्हणजे काका गोंधळले होते यावर इतक्या पटकन विश्वास ठेवला. त्याबद्दल मला माफ कर. त्यांचीही मागते, मनातल्या मनात.

संपादकबाईंना तिथेच बोलावलं. पहिली नोंद वाजवली. माश्यांच्या आधी काकांचा आवाज आला, ‘नोंद एक, पहिली पेटी.’ बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ‘लेख पूर्ण जाईल, तळटीप नाही.’ मग मी तेवीस ओळींमधलं ‘माहीत नाही’ काढलं आणि तेवीस वेळा ‘आवाज’ लिहिलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही टाइप केलेलं नाही.

आता एक राहिलं. ज्यांना ऐकू येत नाही अशा वाचकांसाठी आमच्याकडे प्रत्येक आवाजाबरोबर त्याचं लिहून काढलेलं रूप आणि एक छोटं वर्णन द्यायचं असतं. मी ते एकेक करून लिहीत होते. सतराव्या नोंदीपाशी थांबले. ती जशी आहे तशी उतरवून सोबत ठेवते आहे. एकटी असताना वाच.

छापायची की सुरुवातीचं बोलणं कापून नुसत्या माश्या ठेवायच्या, हे तू ठरव. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही चालतं, बाईंना विचारलंय.

वेगळ्या पार्सलाने एक छोटा स्पीकर पाठवला आहे, त्यात सगळ्या नोंदी भरल्या आहेत. एकच बटण आहे आणि त्यावर मी १७ लावून ठेवलंय. रिकाम्या मधपेटीवर ठेव आणि लाकडाला हात टेकव.

तुझी चिटकी

(सोबतचा कागद)

नोंद सतरा.
माश्यांची गुणगुण.
पुरुष: नोंद सतरा. तिसरी पेटी. सकाळचे नऊ चाळीस. ऊन आहे, वारा नाही. जरा झाकण धर गं.
सहा सेकंद नुसत्या माश्या.
पुरुष: अगं, झाकण.
चार सेकंद.
पुरुष, हलक्या आवाजात: हिला हल्ली मागून बोललेलं ऐकू येत नाही. मला कळू नये म्हणून केवढी धडपडते. तिला वाटतंय मला माहीत नाही. वाटू दे. आपण समोर जाऊन बोलावं.
गवतावर पावलं.
पुरुष: झाकण धरतेस का?
स्त्री: अहो, पुन्हा उजेडात उभे राहिलात! धरते, पण सरका आधी.
पुरुष: सरकलो.
झाकण उचलल्याचा आवाज. मग माश्या, चार मिनिटं दहा सेकंद.


४ एप्रिल

काकू,

पार्सल पोचल्याची पोच आली, पण तुझं पत्र नाही. रोज टपालाच्या वेळी खाली जाऊन येते. पाठवायला नको होतं का मी ते?

अंक दहाला बंद होतो. नऊपर्यंत तुझं काही आलं नाही तर मी बोलणं कापते आणि माश्या ठेवते. तुझं घरातलं तुझ्याजवळच राहील. फक्त बरी आहेस एवढं कळव.

चिटकी


७ एप्रिल

चि. चिटके,

बरी आहे. पत्राला उशीर झाला कारण आधी वाचता येईना आणि मग लिहिता येईना. आज दोन्ही जमतंय, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या हाती वेळेवर पडावी यासाठी जलद टपालाने धाडते आहे.

ऐकू येईनासं झालं हे मी यांच्यापासून दोन वर्षं लपवलं. का म्हणून विचारशील तर सांगता येणार नाही. त्यांचं सगळं काम कानाचं, आणि बायको ठार बहिरी झालेली. मला वाटलं, त्यांना कळलं की ते मला पेट्यांपाशी न्यायचं बंद करतील, ‘तू बस आराम कर’ म्हणतील. म्हणून ओठ वाचायला शिकले, अंदाजाने हसायला शिकले. शेवटी मीच एकदा रडत सांगितलं, तेव्हा त्यांनी इतकं आश्चर्य दाखवलं! ‘काय सांगतेस? मला तर कळलंच नाही,’ म्हणाले. आणि मी ते खरं धरून चालले.

ती नोंद त्याच्या वर्षभर आधीची आहे. मी त्यांच्या नोंदवहीत तारीख पाहिली.

म्हणजे तो सगळा काळ ते माझ्यासाठी वळसा घालून समोर येत होते, आणि मी त्यांना उजेड अडवता म्हणून फटकारत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तर मुकाट्याने आले. चिटके, नजर चांगली असलेल्या माणसाने माझं गुपित फुटू नये म्हणून वर्षभर चष्मा घातला! काल तो कपाटातून काढून पाहिला. नुसती काच आहे. नंबरच नाही.

हसू आणि रडू एकदम आलं, मग शेवटी हसूच जिंकलं. माणसाने किती लबाड असावं.

स्पीकर तू सांगितलास तसा रिकाम्या पेटीवर ठेवला. तिसरीच पेटी घेतली. तुझा कागद समोर, घड्याळ शेजारी आणि तळहात लाकडावर. बटण दाबलं. पहिल्यांदा नुसती थरथर लागली, ती माश्यांची, ती मी कुठेही ओळखीन. मग मध्ये मध्ये काहीतरी जाड, थांबून थांबून येणारं. घड्याळ बघत बघत कागदावर बोट फिरवलं. सहा सेकंद, मग पुन्हा ते जाड. चार सेकंद, आणि मग बराच वेळ अगदी हळू. तेच ते बोलणं. सात वेळा लावलं. ‘सरकलो’ हा एवढासा शब्द हाताला लागतो की नाही कोण जाणे, पण मी लागतो असं धरून चालले आहे. त्यांच्याच हाताखाली शिकलेय मी.

आता संगणकावरची चादर काढली आहे. धुवायला टाकली.

कापायचं नाही. बाईंना सांग, शास्त्रात एवढा माणूस चालवून घ्या. माझं ओरडणंही राहू दे, ते पुराव्याचाच भाग आहे. लोकांना मी कजाग वाटले तर वाटू दे.

आणि ते छोटं वर्णन द्यायचं असतं म्हणालीस, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. सतराव्या नोंदीचं मी लिहून देते. त्या वाचकांपैकी मी एक आहे, माझा हक्क पोचतो. असं लिही:

‘सुरुवातीला एक गृहस्थ बायकोला झाकण धरायला सांगतात. तिला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, आणि ते तिच्या समोर जाऊन उभे राहतात. तिने झाकण धरलं आहे. त्यानंतर चार मिनिटं दहा सेकंद माश्या.’

रकान्यात बसेल ना? जागा कमी पडली, तर माश्या काढ.

तुझी काकू